केसली याडी कोणाची?

वसमत-औंढा गाडीवर देविदास राठोड कंडक्टर असला की शिरड शहापूरच्या पुढे एक जास्तीचा थांबा लागायचा. सरकारी कागदात तो नव्हता. तांड्याचं वळण आलं की देविदास तिकिटाच्या पेटीवर पंच टकटक वाजवायचा, घंटीची दोरी एकदा ओढायचा आणि खणखणीत आवाजात ओरडायचा, "चला, केसली याडी फाटाऽऽ!" उतरणारे उतरले की दोरी दोनदा ओढायची, गाडी पुढे. नवख्या माणसाला वाटायचं, इथे एखादं देवस्थान असणार. कोणी भाबडा खिडकीतून हातसुद्धा जोडायचा. तेवढ्यानं देविदासची कळी खुलायची आणि मग औंढा येईपर्यंत सगळ्या गाडीला केसली याडीची गोष्ट फुकटात ऐकावी लागायची.

याडी म्हणजे लमाणांच्या बोलीत आई. केसली ही देविदासच्या पणजोबाची आई. इंग्रजांची हिंगोलीत छावणी होती त्या काळातली. तेव्हा तांड्यातली माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायची. केसलीचा नवरा अशाच एका वाटेवर तापानं गेला. दुसरी कोणी असती तर बैल विकून मोकळी झाली असती. केसलीनं पदर खोचला, पुढच्या बैलाचा कासरा हातात धरला आणि माल घेऊन थेट छावणीपर्यंत गेली. तिथे एका गोऱ्या साहेबानं माल उतरवून घेतला आणि दामाचं नाव काढेना. केसलीनं आपला बैल त्याच्या घोड्यापुढे आडवा उभा केला आणि पैसे हातात पडेपर्यंत घोड्याला पाऊलभर हलू दिलं नाही.

ही झाली मूळ गोष्ट. देविदास नोकरीला लागला तेव्हा त्या गोष्टीत साहेब एकटाच होता. पुढे त्याच्यामागे चार शिपाई आले. हिंगोली जिल्हा झाला त्या वर्षी शिपायांची पलटण झाली आणि दोन हजार तीन साल उजाडेपर्यंत केसलीच्या बैलासमोर एक तोफही येऊन उभी राहिली होती. "तोफ कुठून आली रे?" असं त्याच्या म्हाताऱ्या आईनं, नानीबाईनं, एकदा विचारलं होतं. "छावणी म्हणल्यावर तोफ असंलच की," असं म्हणून देविदासनं तिचं तोंड बंद केलं होतं.

त्याच साली त्यानं वसमतच्या पेंटरकडून मोठा निळा बोर्ड रंगवून घेतला आणि फाट्यावर रोवला. 'केसली याडी फाटा.' खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, 'सौजन्य: देविदास राठोड.'

आता गंमत पाहा. ज्या माणसाला बिनतिकिटाचा प्रवासी नुसत्या मानेवरून ओळखू यायचा, त्याला आपल्याच गाडीत आपल्याच पोरीचं काय चाललंय ते दोन वर्षं कळलं नाही. दिपा वसमतला डी.एड. करत होती. रोज बापाच्याच गाडीनं जायची. सिद्धेश्वर धरणाकडच्या तांड्यातला ओमप्रकाश पवार हळदीच्या बाजारात कामाला होता, तोही त्याच गाडीत असायचा. तो पोरगा सगळी गाडी रिकामी असली तरी मागच्या चाकावरच्या आदळणाऱ्या सीटवर का बसतो, हे कोडं देविदासला पडलं होतं खरं. पण पुढच्या सीटवर आपली लेक बसते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

शेवटी दिपानंच आजीला सांगितलं आणि आजीनं बापाला. देविदास दोन दिवस फुगून बसला, तिसऱ्या दिवशी त्यानं चौकशी केली. पोरगा निर्व्यसनी, कालव्याखाली हळदीचं रान, आजोबा वसराम म्हणजे त्या तांड्याचे नायक. आपण राठोड, ते पवार. गोत्र वेगळं, काही अडचण नाही. देविदास खूष झाला. गूळ खायचा दिवस ठरला. लमाणांत दोन्हीकडच्या माणसांनी मिळून गूळ खाल्ला की सोयरीक पक्की.

वसराम नायक आले, लाल पागोटं, पांढऱ्या मिशा, चालताना काठी जमिनीवर आपटायची सवय. खाटा टाकल्या, परातीत गूळ आला. नायकांनी गुळाचा खडा उचलला आणि तोंडाशी नेता नेता विचारलं, "त्यो फाट्यावरला बोर्ड कोणाचा हाय?"

देविदास याच प्रश्नाची वाट पाहत होता. त्यानं नवऱ्याच्या तापापासून सुरुवात केली. वसराम ऐकत होते. बैल घोड्यासमोर आला तशी त्यांची मान हलायची थांबली. तोफ आली तसा त्यांनी गुळाचा खडा परातीत परत ठेवला.

"केसली याडी आमची हाय," ते म्हणाले.

"तुमची कशी, नायक? आमच्या पणजाची माय हाय ती."

"आमचा मूळ पुरुष थावरा पवार. त्याची याडी केसली. आमचा ढाडी दर साली येऊन आमच्या पिढ्या गाऊन दाखवतो. आमच्या तांड्यात लिंबाखाली तिच्या नावाचा दगड हाय. दर दिवाळीला म्या सोताच्या हातानं तिला खण वाहतो. घोड्यापुढं बैल तिनंच घातला व्हता." नायक थांबले आणि तुच्छतेनं म्हणाले, "तोफ मात्र नव्हती."

ढाडी म्हणजे तांड्यांच्या पिढ्या गाणारा गवई. देविदासच्या घराच्या पिढ्याही असाच एकजण गायचा. पण दोन्ही गाण्यांत बापाचा लेक, लेकाचा लेक अशी नुसती गड्यांची नावं. बाई कुठून आली, कुठे गेली, याचा त्यात पत्ता नाही. बाचाबाची झाली. कोणी मागे हटेना. शेवटी वसरामांनीच काठी आपटून निकाल दिला.

"म्हंजे याडीनं दुसरा घरोबा केला असंल. एक लेकरू तुमच्या घरात, एक आमच्या. एका कुशीची लेकरं भाऊ-भाऊ झाली. मग हे पोरगं अन् ही पोरगी भाऊ-बहीण लागतेत. गूळ उचला."

परात उचलली गेली. ओमप्रकाशनं मान खाली घातली आणि आजोबांच्या मागे निघाला. दिपा दारात उभी होती. ती रडली नाही, ओरडली नाही. बापाकडे पाहून एवढंच म्हणाली, "बापू, तुमच्या बोर्डानं माझं लगन मोडलं."

हे वाक्य देविदासच्या काळजात रुतून बसलं. दुसऱ्या दिवशीपासून गाडीत केसली याडीचं नाव निघेना. वळण आलं की तो मुकाट्यानं दोरी ओढायचा. मागची आदळणारी सीट आता रिकामी दिसायची. चार-पाच दिवसांनी त्यानं मनाशी पक्कं केलं. पोरीपुढे खापरपणजी काय चीज आहे? त्यानं बोर्ड उपटून घरामागे टाकला आणि रजा काढून सिद्धेश्वर गाठलं.

"नायक," तो हात जोडून म्हणाला, "केसली याडी तुमचीच. आमचा तिच्याशी काहीबी संबंध न्हाई. म्या बढाया मारून राहिलो व्हतो. सगळं झूट."

वसरामांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "म्हंजे दहा-बारा साल तुमी सरकारी गाडीत उभं राहून झूट बोलून राहिले?"

"व्हय जी."

"दुसऱ्याची याडी सोताची म्हणून सांगणाऱ्या माणसाची पोरगी म्या घरात कशी आणू?"

देविदास आला तसा परत गेला. आधी निदान तो नात्यामुळे नाकारला गेला होता, आता स्वतःच्या तोंडानं लबाड ठरला होता. आपण आगीतून फुफाट्यात पडलो हे त्याला धरण दिसेनासं होईपर्यंत कळलं नव्हतं.

घरी नानीबाईनं त्याची खरडपट्टी काढली. "याडी न्हाई म्हणून सांगून आला? थोबाड कसं झडलं न्हाई तुजं? माझी सासू एवढीशी असताना सून होऊन आली, तिला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं. तिचा ढावलो सासूनं उचलला, सासूकडून म्या. अन् तू म्हंतो संबंध न्हाई!"

"मग काय करू, माय? पोरगी बोलंना झाली."

"तिचं म्या बघते," नानीबाई म्हणाली आणि दिपाला हाक मारली. "ये गं. लगन इथं होवो का तिथं होवो, ढावलो तर लागंलच. बस इथं. रडायला शिक."

ढावलो म्हणजे लग्नानंतर सासरी निघताना नवरीनं एकेकाच्या गळ्यात पडून गायचं रडगाणं. ते आपोआप येत नाही, शिकावं लागतं. तांड्यातल्या म्हाताऱ्या पोरींना लग्नाआधी बसवून शिकवतात, कुठे सूर ओढायचा, कुठे हुंदका घ्यायचा, कुठे श्वास राखून ठेवायचा. बाप्ये माणसं तिकडे फिरकत नाहीत. लग्नातही ते ढावलो ऐकत नाहीत, त्यांना फक्त रडणं ऐकू येतं.

पण त्या दुपारी देविदासची सुटी होती आणि त्याला कुठे तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. तो घरामागे उपटलेल्या बोर्डावर बसून होता. कुडापलीकडून आईचा पिकलेला आवाज येत होता आणि त्यामागे पोरीचा कोवळा.

"वीरा थावरा, याडी गेल्यावर तुला मी काखेत वाढवला... आता तुला भाकर कोण मोडून देईल... वीरा थावरा, पाऊसकाळ सरला की बैल घेऊन मला न्यायला ये..."

वीरा म्हणजे भाऊ. देविदास ऐकत होता आणि काही कळायच्या आतच उठून उभा राहिला. थावरा! कुड ओलांडून तो बायकांच्या पुढ्यात जाऊन थडकला.

"माय, ह्यो थावरा कोण?"

"तू काहून आला इथं? जा तिकडं."

"आधी सांग. दिपाला तर भाऊ हाय धर्मसिंग. थावरा कोण?"

नानीबाईनं कपाळाला हात लावला. एवढा मोठा घोडा झाला तरी याला काही माहीत नाही, असा तिचा चेहरा झाला. "अरं, शिकताना आपल्या माणसांची नावं घेत न्हाईत. जित्या माणसाच्या नावानं आधीच रडावं का? ज्या बाईचा ढावलो असंल, तिच्याच माणसांची नावं घ्यायची. लगनाच्या दिशी आपली घालायची. ह्यो केसली याडीचा ढावलो हाय. थावरा तिचा भाऊ."

"भाऊ! लेक न्हाई?"

"लेकाच्या नावानं ढावलो गाते का कोणी? नवरी रडते ती बापाच्या अन् भावाच्या नावानं. लगन झालंच न्हाई तर लेक कुठून आला?"

 देविदासनं दोन्ही हात डोक्याला लावले आणि हसत सुटला. दिपाला आधी वाटलं, बापाच्या डोक्यावर परिणाम झाला. मग तिलाही उमजलं आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं. पवारांचा मूळ पुरुष थावरा हा केसलीचा लेक नव्हता. तो तिचा धाकटा भाऊ होता. केसली पवारांची लेक आणि राठोडांची सून. म्हणजे पोरं आते-मामेच्या नात्यातली, सोयरिकीला मोकळी. दोन्ही घरांचं खरं होतं आणि दोघंही तिच्यावरून भांडत होते.

"तुला हे ठावं व्हतं, तर त्या दिशी काहून बोलली न्हाई?" देविदासनं आईला विचारलं.

"त्या दिशी बाप्ये बोलून राहिले व्हते. मला कोणी इचारलं? म्या आत पोळ्या लाटून राहिले व्हते. ते थावरा-बिवराचं नाव माझ्या कानावर आलंच न्हाई. मला वाटलं, तुमी तोफेवरून भांडून राहिले."

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं देविदास आईला आणि पोरीला घेऊन निघाला. नानीबाईनं पेटीतला जुना फेटिया काढून नेसला होता, भिंगांचा, जड घेराचा घागरा. गाडीत तिला बसायला दोघांची जागा लागली.

वसराम अंगणात बाजेवर बसले होते. देविदासला पाहून त्यांनी काठी हातात घेतली. "आता काय नवीन झूट आणलं?"

"म्या काहीबी बोलणार न्हाई, नायक," देविदास म्हणाला. "फकत माझ्या मायचं रडणं ऐका."

"कोण मेलं?"

"कोणी मेलं न्हाई. बसा अन् ऐका."

भर सकाळी अंगणात मधोमध बसून नानीबाईनं डोळ्यांवर ओढणी घेतली आणि सूर लावला. तांडा गोळा झाला. पोरं हसायला लागली, बायका पाण्याचे हंडे डोक्यावर घेऊनच थांबल्या. वसराम अवघडून मिशीवर हात फिरवत होते, कारण बाईचं रडणं असं समोर बसून ऐकायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. नानीबाई थावराच्या कडव्यावर आली तशी वसरामांची बायको चंदाबाई घरातून बाहेर आली.

"थावरा?" ती म्हणाली. "आपला थावरा?"

"वीरा थावरा," नानीबाईनं डोळे न उघडता दुरुस्ती केली आणि पुढे गात राहिली.

गाणं संपलं.  वसरामांनी खाकरून विचारलं, "भाऊ व्हता तर आमचे लोक तिला याडी काहून म्हणत व्हते?"

"गाण्यात सांगितलं न्हाई का?" नानीबाई म्हणाली. "माय मेली. बहिणीनं काखेत वाढवला. त्यो तिला याडी म्हणायचा, मग त्याची लेकरंबी म्हणू लागली. तुमी गडीमाणसं फकत नाव पुढं नेता."

वसरामांना तरीही ते गळी उतरेना. बायकांच्या रडगाण्यावर नायकानं निकाल फिरवावा, हे त्यांना जड जात होतं. तेवढ्यात चंदाबाई कमरेवर हात ठेवून नवऱ्यापुढे उभी राहिली.

"दिवाळीला तुमी त्या दगडाला काय वाहता?"

"खण. तुला ठावं न्हाई का?"

"तुमच्या मायला दिवाळीला कधी खण दिला?"

"मायला कशाला? खण तर भाऊ बहिणीला..." वसराम बोलता बोलता थांबले.  जन्मभर स्वतःच्या हातानं वाहिलेला तो खण, त्यांच्या बापानं, आज्यानं वाहिलेला. थावरानं बहिणीला दिलेली ती दिवाळी होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या पवारांची माणसं कशासाठी ते विसरून न चुकता देत आली होती.

मग वसराम नायक हसायला लागले. आधी मिशीत, मग पोट धरून. "म्हंजे ती आमची फुई, आत्या! अन् आमी आत्याच्या घरच्या लेकीला न्हाई म्हणून राहिलो! आणा रे गूळ!"

"तोफ नव्हती, एवढं कबूल करतो," देविदास घाईघाईनं म्हणाला.

"तोफ ऱ्हाऊ द्या," वसराम म्हणाले. "आता ती आमच्याबी घरची हाय."

लग्न उन्हाळ्यात झालं. बोर्ड पुन्हा फाट्यावर उभा राहिला. सौजन्यात आता दोन नावं होती, आणि वरचं नाव कोणाचं यावरून व्याही दोन दिवस एकमेकांशी बोलले नव्हते ते सोडा. वऱ्हाडाला वसमतची गाडीच ठरवली होती. लग्न लागलं, जेवणं उरकली आणि निघायची वेळ झाली. दिपा एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो गाऊ लागली. आजीच्या गळ्यात, पद्माबाईच्या, म्हणजे आईच्या गळ्यात, मग धर्मसिंगच्या. थावराचं नाव आता गाण्यात नव्हतं, धर्मसिंगचं होतं. पवारांचं घर सोडताना केसली रडली होती आणि तिच्या वंशातली ही लेक आता त्याच घरी चालली होती.

शेवटी ती बापाजवळ आली. या खेपेला देविदासला नुसतं रडणं ऐकू आलं नाही. शब्दन्‌शब्द ऐकू आला.

"बापू, तुझ्या गाडीत मी लहानाची मोठी झाले... बापू, पाऊसकाळ सरला की वसमतच्या गाडीनं मला न्यायला ये... माझ्या फाट्यावर घंटी वाजव, बापू, मी दारातच उभी असेन..."

ढावलोत बैल सगळ्यांनी ऐकले होते, एस.टी. कोणी ऐकली नव्हती. बायका रडता रडता हसू लागल्या. वसरामांनी पागोट्याच्या शेवानं नाक पुसलं. देविदास मात्र लहान पोरासारखा हमसून हमसून रडला, आणि त्याची त्याला अजिबात लाज वाटली नाही.

वऱ्हाड गाडीत बसलं. ड्युटीवरच्या कंडक्टरनं देविदासला ओळखलं आणि म्हणाला, "या मामा, आजची घंटी तुमीच मारा." देविदास दारातून वर चढला. मागच्या चाकावरच्या आदळणाऱ्या सीटवर ओमप्रकाश बसला होता, आणि या खेपेला दिपा त्याच्या पुढे नव्हती, शेजारी होती. देविदासनं दोरीला हात घातला आणि ओढली.

टण.

ड्रायव्हरनं सुरू केलेलं इंजिन बंद केलं आणि मागे वळून पाहिलं. एक घंटी म्हणजे थांबा. सगळी गाडी देविदासकडे पाहत होती. त्याचा हात दोरीवर तसाच होता आणि पुढे काय करायचं ते त्या हाताला सुचत नव्हतं.

दिपानं ओढणीनं डोळे पुसले आणि हसून म्हणाली, "बापू, आता दोनदा."

देविदासनं दोरी दोनदा ओढली आणि खाली उतरला.